पुढचा थांबत नसतो

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' हे आपण लहानपणापासून ऐकतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळले. पुढे अमरावती-अकोल्यात जिनिंग-प्रेस उभ्या राहिल्या. सरकी निघाली, गाठी बांधल्या गेल्या. सूत आणि कापड मात्र बहुतेक बाहेरच झालं. नफाही गाठींबरोबर गेला.

१९५३च्या नागपूर करारानं लोकसंख्येच्या प्रमाणात निधी कबूल केला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं हिशेब मांडला : राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका मागे, तितका त्याचा अनुशेष. राज्यभरचा आकडा निघाला सुमारे ३,१८६ कोटी रुपये. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं. २०२० मध्ये त्याची मुदत संपली, तेव्हाही अमरावती-अकोल्याचा सिंचनाचा अनुशेष उरलाच होता.

खरी अडचण अशी, की सरासरी जागेवर थांबत नाही. पुढचा चालतच असतो. त्याला गाठायचं तर मागच्यानं नुसतं चालून भागत नाही, धावावं लागतं. आणि धावायला आधी शेताला पाणी हवं. मग कापसाचं सूतही इथंच निघायला हवं. नुसत्या गाठी पाठवून आपण दीडशे वर्षं पाहिलं आहे.