शिरेवाटे अन्न व शिरेचा दाह

शिरेवाटे दिलेल्या कोणत्याही द्रवास आपल्याकडे ‘सलाईन’ म्हणण्याचा प्रघात आहे. बाटलीत मीठ नसून नुसती साखर असली तरी नाव तेच. १८३२ मध्ये टॉमस लॅटा यांनी स्कॉटलंडातील पटकीच्या रोग्यांना क्षारजल शिरेतून दिले, तेव्हा भरून काढावयाचे होते ते पाणी व क्षार. अन्नाचा प्रश्न याहून बिकट ठरला.

पाच टक्के द्राक्षशर्करेच्या एका लिटरात जेमतेम १७० कॅलरी असतात. दिवसाला २,००० कॅलरी पुरवावयाच्या तर सुमारे १२ लिटर द्रव द्यावा लागेल, आणि तो रोग्यास सोसणार नाही. साखर वाढवावी, तर द्रव रक्ताहून फार तीव्र होऊन शिरेच्या अस्तरास इजा करतो; हातावरील शीर लाल होते, ठणकते, दोरीसारखी कठीण होते व तीत रक्त गोठते. यालाच परिभाषेत नीलाशोथ म्हणतात. (बोलीतील ‘शीर’ मज्जातंतूलाही लागू पडते, म्हणून ‘नीला’ हा शब्द येथे उपयुक्त होय.) परिणामी शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही, आतडे काम करीनासे झालेला रोगी उपासमारीने खंगत जाई.

यावर दोन उत्तरे निघाली. स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी अन्नच बदलले. सोयाबीनचे तेल व अंड्यातील फॉस्फोलिपिडे यांचे त्यांनी १९६१ च्या सुमारास तयार केलेले पायस भरपूर कॅलरी देई, पण त्याची तीव्रता रक्ताच्या जवळपास असे. त्यामुळे हातावरील शीरही ते सोशी. अमेरिकेत मात्र सरकीच्या तेलाच्या पायसाने ताप व कावीळ होत असल्याचे आढळून ते मागे घेतले गेले होते. तेथे साखरेवरच भिस्त ठेवणे भाग पडले.

फिलाडेल्फियातील स्टॅन्ली डुड्रिक यांनी मग शीरच बदलली. गळपट्टीच्या हाडाखालील मोठ्या शिरेत सुई घालण्याची रीत फ्रेंच शल्यवैद्य रोबेर ओबानिआक यांनी १९५२ मध्येच वर्णिली होती. हृदयाजवळच्या महानीलेतून मिनिटाला सुमारे दोन लिटर रक्त वाहते. तीव्र द्रव त्या ओघात पडताच विरळ होतो. ओढ्याऐवजी नदी निवडावी, इतकी ही साधी कल्पना! बीगल जातीची पिल्ले केवळ शिरेवाटे मिळणाऱ्या अन्नावर २५६ दिवसांपर्यंत पोसली गेली व वाढली. १९६७ मध्ये लहान आतडे जवळजवळ नसलेल्या एका अर्भकासही असेच अन्न देण्यात आले.

दाह टळला, पण नळीवाटे जंतू थेट रक्तात शिरण्याचे भय वाढले. माझ्या मते व्रेटलिंड यांचे उत्तर म्हणूनच अधिक मूलगामी होते. तरीही लिटरला सुमारे ९०० मिलिऑस्मोलपेक्षा तीव्र अन्नासाठी आज महानीलेचाच मार्ग धरतात. मात्र नळी दंडातूनही तेथवर नेता येते.