'म्हातारचळ' म्हणून सोडून देताय? डिमेन्शिया आणि फ्रेल्टी यांचा एकमेकांशी काय संबंध आहे?

पँटच्या पट्ट्याला एक भोक जास्तीचं पाडावं लागणं. भाजीची पिशवी वर आणताना जिन्यात मध्येच टेकणं. आणि त्याच सुमारास कधीतरी गॅस बंद करायला विसरणं, किंवा जेवण होऊन तासभर झाल्यावर "आज मला कुणी जेवायलाच दिलं नाही" असं शेजाऱ्यांना सांगणं.

या सगळ्यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं, 'वय झालं'. जरा कमी प्रेमाने बोलायचं तर 'म्हातारचळ'. 'साठी बुद्धी नाठी' तर सगळ्यांनाच पाठ आहे.

यातली पहिली दोन लक्षणं शरीराची आणि पुढची दोन मेंदूची, असं आपण मानतो. पण गेल्या 20-25 वर्षांतलं संशोधन सांगतं की या दोन्हींचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे. कधीकधी तर शरीर मेंदूच्या आधी काही वर्षं इशारा देऊ लागतं.

आधी डिमेन्शिया म्हणजे काय ते पाहू

डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश हे एका आजाराचं नाव नाही. स्मरणशक्ती, भाषा, हिशेब, निर्णय घेण्याची क्षमता इतकी ढासळते की रोजची कामं एकट्याने जमेनाशी होतात, त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. त्यामागचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे अल्झायमर्स. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार 60 ते 70 टक्के रुग्णांमध्ये अल्झायमर्सचा वाटा असतो. मेंदूला होणारा रक्तपुरवठा बिघडल्यामुळे होणारा व्हॅस्क्युलर डिमेन्शिया हे दुसरं मोठं कारण.

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं म्हणजे डिमेन्शिया नाही. हातात घेतलेला चष्मा कशासाठी असतो हेच न कळणं, 30 वर्षं राहत असलेल्या गल्लीत रस्ता चुकणं, आयुष्यभर बिनचूक व्यवहार केलेल्या माणसाला सुट्टे पैसे मोजता न येणं, हे वेगळं प्रकरण आहे.

'अस्तु' हा मराठी सिनेमा पाहिला असेल तर आठवेल. डॉ. मोहन आगाशेंनी साकारलेले संस्कृतचे विद्वान रस्त्यावरच्या हत्तीच्या मागे निघून जातात. इतका शिकलेला माणूस आणि ही अवस्था कशी, असा प्रश्न तो सिनेमा पाहताना पडतो. शिक्षणाने धोका कमी होतो, पण शून्य होत नाही.

भारतात किती जणांना?

यासाठी बराच काळ विश्वासार्ह आकडा नव्हता. मुंबईतल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (आयआयपीएस) परदेशी विद्यापीठांच्या साथीने 'लासी' नावाचा देशव्यापी अभ्यास करते. त्यात 45 वर्षांवरच्या 72 हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. त्यातूनच 'लासी-डॅड' हा फक्त डिमेन्शियावरचा अभ्यास निघाला. 60 वर्षांवरच्या चार हजारांहून अधिक लोकांच्या चाचण्या झाल्या आणि त्यांच्या घरच्यांशीही बोलणं झालं.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असावा. म्हणजे अंदाजे 88 लाख माणसं. 2036 पर्यंत हा आकडा 1 कोटी 69 लाखांवर जाईल असा अंदाज आहे.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली आणि तिची चर्चा फारशी झाली नाही. पुरुषांमध्ये प्रमाण 5.8 टक्के, तर स्त्रियांमध्ये 9 टक्के. शहरात 5.3 टक्के, तर ग्रामीण भागात 8.4 टक्के. म्हणजे जिला शाळेत पाठवलं गेलं नाही अशा खेड्यातल्या आजीला धोका जास्त, आणि तिला न्यूरोलॉजिस्टकडे नेण्याची शक्यता सगळ्यांत कमी.

इथे चाचणीचाही प्रश्न येतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका चाचणीत 100 मधून 7 वजा करत जायला सांगतात, एक वाक्य लिहायला सांगतात. कधीच शाळेत न गेलेल्या बाईला ते जमलं नाही, तर दोष तिच्या स्मृतीचा की चाचणीचा? म्हणून 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढमध्ये तिचं वेगळं रूप तयार केलं गेलं. त्यात 20 मधून 3 वजा करायचे असतात आणि सूचना वाचण्याऐवजी समोरच्याने डोळे मिटले की आपणही मिटायचे असतात. बदल छोटा वाटतो, पण त्यामुळे निरक्षर माणसाला चुकून रुग्ण ठरवणं टळतं.

फ्रेल्टी म्हणजे नुसता अशक्तपणा?

नाही. ताप येऊन गेल्यावर अशक्तपणा येतो आणि जातो. फ्रेल्टी म्हणजे शरीराची शिल्लकच संपत येणं. एरवी चारचौघांसारखं चाललेलं असतं, पण साधं जुलाबाचं दुखणं झालं तरी माणूस अंथरुणाला खिळतो आणि पुन्हा पूर्वीसारखा उठत नाही.

2001 मध्ये अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी यासाठी पाच निकष मांडले: प्रयत्न न करता वर्षभरात वजन साधारण साडेचार किलोने उतरणं, सतत थकवा, हाताची पकड कमी होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. यातले तीन किंवा जास्त असतील तर फ्रेल्टी, एक-दोन असतील तर तिची पूर्वअवस्था. कॅनडातल्या केनेथ रॉकवूड यांच्या गटाने दुसरी पद्धत आणली. ऐकू कमी येणं, मधुमेह, आंघोळीला मदत लागणं अशा तक्रारींची मोठी यादी घ्यायची आणि त्यातल्या किती या माणसाला आहेत ते मोजायचं.

हे निकष पुन्हा वाचा. एमआरआय नाही, महागडी रक्ततपासणी नाही. बरणीचं झाकण उघडतं का, सिग्नल बदलायच्या आत रस्ता ओलांडून होतो का, कपडे सैल झालेत का, हे घरातल्या कुणालाही दिसतं.

मग दोघांचा संबंध काय?

शिकागोमध्ये एक मोठा अभ्यास अनेक वर्षं सुरू आहे. त्यातली ज्येष्ठ मंडळी दरवर्षी तपासणीला येतात आणि मृत्यूनंतर मेंदूदान करतात. त्यातल्या 456 जणांच्या माहितीवर 2019 मध्ये एक शोधनिबंध आला. सुमारे 8 टक्के लोकांच्या मेंदूत अल्झायमर्सच्या भरपूर खुणा होत्या, पण जिवंतपणी त्यांना डिमेन्शिया नव्हता. सुमारे 11 टक्क्यांचं नेमकं उलट होतं. मेंदूत खुणा फारशा नाहीत, पण डिमेन्शिया होता.

हे गणित जुळत कसं नाही? संशोधकांना दिसलं की फ्रेल्टी जास्त असलेल्या लोकांमध्ये मेंदूतल्या थोड्या बिघाडानेही डिमेन्शिया दिसून येत होता. ज्यांचं शरीर टिकून होतं, त्यांचा मेंदू तेवढाच बिघाड जास्त सोसत होता.

पण थांबा, उलटंही असू शकतं ना? मेंदू आधी बिघडला, म्हणून माणूस कमी जेवू लागला, कमी चालू लागला आणि म्हणून अशक्त झाला? हा रास्त प्रश्न आहे. 2024 मध्ये अमेरिका आणि इंग्लंडमधल्या चार अभ्यासांतल्या जवळपास 30 हजार लोकांची माहिती एकत्र करून तो तपासला गेला. डिमेन्शियाचं निदान होण्याच्या 4 ते 9 वर्षं आधीपासून फ्रेल्टी वेगाने वाढताना दिसली. या टप्प्याच्या आधी ज्यांची फ्रेल्टी मोजली होती, त्यांच्यातही जास्त फ्रेल्टी म्हणजे जास्त धोका हे नातं कायम होतं. म्हणजे फ्रेल्टी हा फक्त डिमेन्शियाचा परिणाम असावा असं दिसत नाही. तरी अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, कारण पक्कं सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

चालण्याचंच घ्या. चालणं हे पायांचं काम वाटतं, पण तोल, दिशा, समोरचा खड्डा हे सगळं मेंदू सांभाळत असतो. 1997 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धांशी चालता चालता गप्पा मारल्या. बोलण्यासाठी जे थांबत होते, ते पुढच्या काळात पडण्याची शक्यता जास्त निघाली. दोन्ही कामं एकदम करायला मेंदूची ताकद पुरत नव्हती.

"ऑपरेशननंतर डोकं फिरलं"

हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या रात्री ती नर्सला ओळखीतली बाई समजून भांडू लागली. याला डिलिरियम म्हणतात. तो काही तासांत किंवा दिवसांत अचानक येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, काही औषधं अशी कारणं असतात आणि ती शोधून उपचार करता येतात. डिमेन्शिया मात्र महिन्या-वर्षांच्या गतीने येतो.

फ्रेल्टी असलेल्यांना डिलिरियम होण्याचा धोका जास्त, आणि डिलिरियम होऊन गेलेल्यांना पुढे डिमेन्शियाचा. त्यामुळे अचानक बदल दिसला तर 'वय झालं' म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

हळूहळू वाढणाऱ्या विसराळूपणातही काही कारणं दुरुस्त होणारी असतात. बी-12 ची कमतरता (शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आढळते), थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त. सर्दी-अॅलर्जीच्या काही जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांनीही वृद्धांचा गोंधळ वाढतो.

काही करता येतं का?

2024 च्या लॅन्सेट आयोगाने 14 धोक्याचे घटक सांगितले. कमी शिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, ऐकू न येणं, उपचार न केलेला दृष्टिदोष वगैरे. हे सगळे दूर झाले तर जगातले जवळपास 45 टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येतील असा त्यांचा हिशेब आहे. तो लोकसंख्येचा हिशेब आहे. तुमच्या आजोबांना हमी देणारा नाही.

फिनलंडमध्ये 1260 लोकांवर दोन वर्षं प्रयोग झाला. आहार, व्यायाम, मेंदूला काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र केलं, तर आकलनाच्या चाचण्यांत फायदा दिसला. उलट अमेरिकेत 1635 वृद्धांना फक्त चालणं आणि ताकदीचे व्यायाम दिले, तेव्हा त्यांची चालण्याची क्षमता जास्त टिकली, पण दोन वर्षांत स्मरणशक्तीत फरक पडला नाही. व्हॉट्सअॅपवर 'रोज 20 मिनिटं चाला, अल्झायमर्स टाळा' असं काही आलं तर हा दुसरा अभ्यास आठवा. चालणं चांगलंच आहे, ते एकटं पुरेसं आहे असा पुरावा नाही.

अल्झायमर्सवर लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही नवी औषधं आली आहेत. ती सुरुवातीच्या टप्प्यातच चालतात, ऱ्हासाचा वेग थोडा कमी करतात, गेलेली स्मृती परत आणत नाहीत. शिवाय मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, मागच्या वर्षीचं वजन माहीत असेल तर लिहून न्या आणि वर्षभरात किती वेळा पडले ते सांगा. रोज सोबत राहणारी व्यक्ती बरोबर असू द्या. बऱ्याच घरांत ती सून असते, आणि 'जेवायला देत नाही' हा आरोपही तिच्यावरच झालेला असतो. तो आजाराचा भाग असू शकतो, हे डॉक्टरांच्या तोंडून बाकीच्यांनी ऐकलेलं बरं. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन 14567 आहे.