मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा आणि आपण परगावचे

यंदा स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. जयपूरच्या मराठी माणसाला इतिहास म्हटले की सवाई जयसिंगाच्या पदरचे सम्राट जगन्नाथ पंडित आठवतात. मीही त्यांच्यावरच लिहिणार होतो. पण झालान्यातील आमच्या कार्यालयात एका राजस्थानी सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत एक प्रश्न टाकला आणि विषयच बदलला. त्यांची मुलगी रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकते. त्यांनी विचारले, "आपके महाराष्ट्र का वह खंभेवाला खेल भी तो जिम्नास्टिक ही है, उसमें नंबर कैसे देते हैं?" प्रश्न साधा, पण मल्लखांबाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास त्याच्या उत्तरात आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी दोन शब्द त्यांच्या खेळाविषयी. रिदमिक जिम्नॅस्टिक्सची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६३ साली बुडापेस्टला झाली. तिला 'जागतिक' म्हणायचे एवढेच. आले होते युरोपातले १० देश आणि २८ मुली. सोव्हिएत संघाची ल्युदमिला साविंकोव्हा पहिली आली. पुढे २१ वर्षांनी, १९८४ साली, हा खेळ लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. त्या वर्षी सोव्हिएत संघ आणि बल्गेरिया यांचा बहिष्कार होता, आणि सुवर्णपदक नेले कॅनडाच्या लोरी फंगने. या खेळात ज्या देशाचे नाव कुणी घेत नव्हते तिथली मुलगी पहिली आली! आपल्या मुलीही त्यात मागे नाहीत. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पूजा सुर्वे, अक्षता शेटे आणि क्षिप्रा जोशी या तिघी मराठी मुली भारतातर्फे उतरल्या होत्या. वैयक्तिक विजेतेपद ऑस्ट्रेलियाच्या नाझमी जॉन्स्टनला गेले, आपल्याला पदक नाही. त्यांच्याकडे साधने पाच : चक्र, चेंडू, मुदगल, फीत आणि दोरी. त्यातली दोरी २०१० नंतर वरिष्ठांच्या वैयक्तिक गटातून गेली. आपल्याकडे मात्र मुलींनी दोरी अजून घट्ट धरून ठेवली आहे, तीही पायाच्या अंगठ्यात!

आता मल्लखांब. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या १२व्या शतकातील ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. त्यानंतर कित्येक शतके हा खांब इतिहासात जवळपास दिसत नाही. तो पुन्हा उभा राहतो दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधरांच्या हातून. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांनी पुण्यात आव्हान दिले, तरुण बाळंभटदादांनी ते स्वीकारले, सप्तशृंगीला जाऊन उपासना केली, वानरांच्या उड्या पाहून त्यांना लाकडी खांबावरची ही विद्या सुचली आणि त्यांनी अलीला चीत केले, अशी परंपरागत कथा आहे. तिच्यातला इतिहास किती आणि श्रद्धा किती याचा निवाडा मी करीत नाही. पण देवधर होते आणि त्यांच्यापासून शिष्यपरंपरा चालली, याविषयी वाद नाही.

खरी गंमत पुढे आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्तास गेले आणि त्यांच्यामागून माणसे गेली. आखाडेही गेले! ब्रह्मावर्त, काशी, बडोदे, ग्वाल्हेर, उज्जैन : मल्लखांबाचा १९व्या शतकातला नकाशा काढला तर तो घर सोडून गेलेल्या मराठी माणसाचाच नकाशा होतो. बडोद्यात जुम्मादादा या मुसलमान उस्तादांकडे माणिकराव शिकले, आणि गुरूच्या नावाने त्यांनी जुम्मादादा व्यायाममंदिर चालवले. द. चिं. मजुमदारांचा 'व्यायाम ज्ञानकोश' निघाला तोही बडोद्यातूनच. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, तर दादरला १९२५ साली श्री समर्थ व्यायाम मंदिर सुरू झाले. अमरावतीच्या मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत जाऊन भारतीय खेळ दाखवून आला. त्यांत कबड्डी होती तसा मल्लखांबही होता. कबड्डी १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोहोचली. मल्लखांब तिथे अजून पोहोचलेला नाही.

का पोहोचला नाही? इथे सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे यावे लागते. कबड्डीत कोण बाद हे पंचाला दिसते. मल्लखांबात टाळ्या मिळत होत्या, गुण मिळत नव्हते. प्रात्यक्षिक करायचे, सलामी द्यायची, नारळ घ्यायचा, झाले. १९५८च्या सुमारास जिम्नॅस्टिक्सच्या लोकांनी याकडे लक्ष दिले आणि १९६२ साली ग्वाल्हेरला जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय स्पर्धेतच मल्लखांबाचा समावेश झाला. म्हणजे आमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. काही काळ हा खेळ खरोखरच जिम्नॅस्टिक्सच्या घरी पाहुणा होता. पाहुणचार फार टिकला नाही. पुन्हा मांडामांड केली ती उज्जैनच्या डॉ. बमशंकर जोशींनी. २८ आणि २९ जानेवारी १९८१ रोजी उज्जैनला अखिल भारतीय स्पर्धा झाली, नियम लिहिले गेले आणि भारतीय मल्लखांब महासंघ जन्माला आला. पुण्यात नव्हे, मुंबईतही नव्हे, उज्जैनला! आपण महाराष्ट्रीय लोक हे सहसा सांगत नाही.

नियम झाले तेव्हा खेळाचे तीन प्रकार स्पर्धेसाठी ठरले : पुरलेला, टांगता आणि दोरीचा. पुरलेला खांब सागवानी किंवा शिसवी, जमिनीवर साधारण अडीच मीटर, वर निमुळता. त्याचे भाग म्हणजे अंग, मान आणि बोंड. लाकडाला एरंडेल चोळायचे. दोरीच्या जागी पूर्वी वेत असे. वेत मिळेनासा झाला आणि सुती दोर आला. त्याला गाठ मारायची नाही, अंगाचे वेढेच काय ते. दीड मिनिटाच्या आत संच संपवायचा : अढी, उडी, दसरंग, ताजवा, फरारे, सुईदोरा आणि शेवटी उतरणी. काठिण्य, सफाई, डौल यांचे गुण पंच दहापैकी देतात. हे सर्व मी सहकाऱ्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "यह तो हमारी बेटी वाला ही हिसाब है." खरेच आहे.

१६ आणि १७ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब अजिंक्यपद स्पर्धा झाली. श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे हे तिचे प्रमुख सूत्रधार. (त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.) १५ देश आले : जर्मनी, चेक प्रजासत्ताक, स्पेन, इटली, नॉर्वे, अमेरिका, जपान, व्हिएतनाम, इराण वगैरे. निकाल असा : सांघिक विजेतेपद भारताला, गुण २४४.७३. दुसरे सिंगापूर, गुण ४४.४५. तिसरे मलेशिया, गुण ३०.२२. वैयक्तिक विजेते दीपक शिंदे आणि हिमानी परब. हिमानीला पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. मल्लखांबातला तो पहिलाच.

वर्तमानपत्रांत तेव्हा 'भारताचा दणदणीत विजय' छापून आले. मला विचाराल तर या निकालात मोलाचा आकडा २४४ नसून ४४ आहे. आपल्याच खेळात आपण जिंकणार नाही तर कोण? सांघिक गुण म्हणजे अखेर बेरीज. ज्यांचे खेळाडू थोडे, त्यांची बेरीज लहानच. पण ४४ गुण मिळवायला सिंगापुरात कुणीतरी खांब उभा केला असेल, दोर टांगला असेल, मुलांना अढी शिकवली असेल. बुडापेस्टचे १० देश आणि शिवाजी पार्कचे १५ देश हे मला एकाच वळणावर उभे दिसतात. फरक एवढाच की त्यांच्यामागे सरकारे होती. उद्याच्या ऑलिंपिकच्या गप्पा मात्र मला घाईच्या वाटतात. दुसऱ्या क्रमांकाची बेरीज पहिल्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी आहे तोवर त्या न मारलेल्या बऱ्या. दुसरी जागतिक स्पर्धा २०२३ साली भूतानमध्ये झाली, म्हणजे ती आता देशाबाहेर निघाली आहे, हे अधिक बरे झाले.

देशातही २०२२ साली खेलो इंडिया आणि गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, दोन्हींत मल्लखांब आला. त्या राष्ट्रीय स्पर्धेत १० वर्षांच्या शौर्यजित खैरेने कांस्यपदक मिळवले. स्पर्धेच्या ऐन तोंडावर त्याचे वडील वारले होते, तरी तो उतरला. आडनाव मराठी, गाव बडोदे, पदक गुजरातच्या खात्यात. माणिकरावांच्या गावी हे घडले, याचे मला तरी नवल वाटले नाही.

आपल्या मंडळात या गोष्टीचा विचार व्हावा, असे मला वाटते. आपली मुले इथे स्केटिंग शिकतात, नृत्य शिकतात, उत्तमच आहे. खांब पुरायला कायमची जागा आणि परवानगी लागते. बदलीच्या नोकरीतल्या आपल्यासारख्यांना ते जमणे कठीण. दोराला मात्र एक उंच, भक्कम तुळई आणि खाली जाड गाद्या पुरतात. मूर्ती बसते त्या सभागृहाची तुळई एखाद्या अभियंता सभासदाने पाहून ठेवावी. शिकवायला उन्हाळी सुट्टीत उज्जैनहून कुणी येईल का, याची चौकशी मी करतो. आमच्या सहकाऱ्यांनी मुलीचे नाव आताच दिले आहे.