ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आणि तिरोड्याचा ग्राहक

राजेहो, ऑनलाइन बाजाराच्या कस्टमर केअरवर वैतागला नाही असा माणूस आता तिरोड्यात सापडणं कठीण. माझंच सांगतो. ऐन मे महिन्यात कूलरची मोटर मागवली, आली भलतीच. परत न्यायला कोणी फिरकलं नाही, अन् ॲपवर मात्र नोंद पडली, ‘ग्राहक घरी नव्हता’. चॅटवर पाच दिवस एकच उत्तर: गैरसोयीबद्दल क्षमस्व.

हा ताप नवा वाटतो, पण गोष्ट जुनी आहे. लांबच्या दुकानातून घरबसल्या माल मागवायची सोय टपाल खात्याच्या व्हीपीपीने १८७७ मध्येच केली होती. पोस्टमन पार्सल द्यायचा, पैसे घ्यायचा, ते पैसे विक्रेत्याला जायचे. आतली वस्तू खराब निघाली, तर पत्र लिहायचं अन् उत्तराची वाट पाहायची. उत्तर देणं दुकानदाराच्या मर्जीवर.

ही मर्जी मोडायची कल्पना पुढे आली १५ मार्च १९६२ ला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी तिथल्या संसदेला ग्राहकाचे चार हक्क सांगितले: सुरक्षितता, माहिती, निवड आणि चौथा, आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क.

आपल्याकडे हे काम महाराष्ट्राने मनावर घेतलं. टंचाई, भेसळ अन् काळ्या बाजाराच्या त्या दिवसांत बिंदूमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिथे कुटुंबांनी गट करून एकत्र किराणा घ्यायला सुरुवात केली. एकटा ग्राहक रडतो, दहा जण मिळून भाव विचारतात, एवढं साधं गणित होतं. अशा चळवळींच्या रेट्यातून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ती तारीख २४ डिसेंबर, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन.

पण आपल्या तिरोड्याला यातून काय मिळालं? तेव्हा आपला जिल्हा भंडारा. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा झाला. तरी एक अडचण उरलीच. जुन्या कायद्यात तक्रार कुठे करायची, हे कंपनीचा धंदा कुठे चालतो किंवा तक्रारीचं कारण कुठे घडलं यावर ठरायचं. ऑनलाइन खरेदीत कंपनी बंगळूरची, विक्रेता सुरतचा. ‘हे प्रकरण इथे चालतच नाही’ असं म्हणायला त्यांना वाव होता. काही शेकड्यांच्या मोटरसाठी सुरतेला कोण जाणार जी?

२०१९ च्या नव्या कायद्याने ही फट बुजवली. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे आपल्यासाठी गोंदिया. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते, व्हिडिओवरून सुनावणीही मागता येते. मुदत दोन वर्षांची.

त्याच जुलैत ई-कॉमर्सचे नियमही आले. प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा अन् संपर्क जाहीर करायलाच पाहिजे. ४८ तासांत तक्रारीची पोच, महिन्याभरात निकाली. चॅटवरचं ‘क्षमस्व’ म्हणजे निकाल नव्हे.

तर करायचं काय? बिल, पार्सलचे फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रार क्रमांक मागून घ्या. तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, अन् तरी नाही जमलं तर गोंदियाचा आयोग आहेच.

‘जाऊ द्या, तीनशे रुपयांसाठी काहून डोकं लावता’, असं आपलीच माणसं म्हणतात. कंपन्यांचा हिशोब नेमका याच ‘जाऊ द्या’वर चालतो. लोकांनी वर्षानुवर्षे भांडून हा हक्क तिरोड्याच्या उंबरठ्यापर्यंत आणला आहे. आता वापरायचा आपण.