फवारा मारायचा की कोरडंच चिकटवायचं? स्टिकरच्या गोंदाची गोष्ट

आजचा विषय कदाचित तुमच्याच बाइकवर चिकटलेला असेल. रेडियम!

गाडीवर नाव, नंबर, देवाचं चित्र कापून चिकटवणाऱ्याला आपण 'रेडियमवाला' म्हणतो. खरं तर त्या स्टिकरमध्ये रेडियमचा कणही नसतो. ते असतं व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसीची पातळ फिल्म, मागे गोंद लावलेली. आता त्याचं काम नीट बघा. टाकीवरचं छोटं नाव तो कोरडंच चिकटवतो. पण दुकानाच्या मोठ्या काचेवर अक्षरं लावायची असली, की आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारतो. गोंद लावायचा आणि वर पाणी ओतायचं? हे काय लॉजिक?

त्यासाठी जरा मागे जाऊ. 1926 साल, अमेरिकेतलं ॲक्रन शहर. बी. एफ. गुडरिच कंपनीतला केमिस्ट वाल्डो सीमन रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होता. त्या खटपटीत त्याने कडक, ठिसूळ पीव्हीसी एका द्रावकात गरम केलं आणि हाती आलं मऊ, लवचिक व्हिनाइल. शोधत होता गोंद, सापडलं हे!

मग 1935. लॉस एंजेलिसमध्ये स्टँटन एव्हरीने होणाऱ्या बायकोकडून 100 डॉलर उसने घेतले आणि जुन्या मोटारी-सुटे भाग जोडून, मागचा कागद सोलून चिकटवायची लेबलं बनवणारं मशीन उभं केलं. पुढे 1980च्या दशकात अमेरिकेतल्याच गर्बर कंपनीची मशीन्स कॉम्प्युटरच्या हुकमावर व्हिनाइलची अक्षरं कापायला लागली.

इथे खरा पेच सुरू होतो. पाटी रंगवणारा पेंटर चुकला, तर ओला रंग फडक्याने पुसून टाकायचा. पुन्हा ब्रश, पुन्हा अक्षर. व्हिनाइलचा गोंद मात्र दाबाने धरणारा. टेकलं की धरलं! वाकडं बसलं तर ओढून काढताना फिल्म ताणते, कधी फाटते. मशीनने अक्षर सुबक दिलं, पण चूक सुधारायची मुभा काढून घेतली.

ती मुभा पाण्याने परत दिली. साबणामुळे पाणी काचेवर सारखं पसरतं आणि गोंद व काच यांच्यामध्ये पातळ थर राहतो. तेवढ्या वेळात स्टिकर सरकवा, रेषेत आणा. मग स्क्वीजी, म्हणजे चपटी प्लास्टिकची पट्टी, मधून कडेकडे ओढत पाणी बाहेर काढा. आणि थांबा! घाईघाईत वरची टेप सोलली, तर अक्षरं टेपबरोबरच उचलून येतात. पाणी आत राहिलं तर फुगे येतात, आणि थंडीत हे वाळणं आणखी रेंगाळतं.

कोरड्या पद्धतीत ही वाट बघणं नाही. स्टिकर जागेवर मोजून ठेवायचा, मधोमध मास्किंग टेपचं बिजागर करायचं, अर्धा कागद सोलायचा, दाबत जायचं, मग उरलेला अर्धा. पकड लगेच. पण हात तयार हवा. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर तर गोंद लगेच धरतो, सरकवायला वाव देतच नाही.

मग कंपन्यांनी तिसरा रस्ता काढला. गोंदातच बारीक बारीक नाळ्या कोरल्या. दाबलं की हवा त्यातून निघून जाते, फुगाच राहत नाही. गंमत म्हणजे अशा फिल्मवर पाणी मारलं तर ते नाळ्यांत अडकून बसतं आणि काम बिघडतं. म्हणजे जी युक्ती कालपर्यंत कारागिराला वाचवत होती, तीच इथे नडते. म्हणून ओलं की कोरडं, याचं एकच उत्तर नाही. फिल्म कुठली, जागा किती मोठी, ऊन किती, हे बघूनच ठरतं.

आपल्याकडे कित्येक पेंटरांचं पाट्यांचं काम आधी व्हिनाइलने आणि मग फ्लेक्सने नेलं. अक्षर काढणं मशीनकडे गेलं. चिकटवणं अजून हाताकडे आहे, पण तेही हळूहळू गोंदात शिरतंय. तेव्हा पुढच्या वेळी रेडियमवाल्याने 'दहा मिनिटं थांबा, वाळू दे' म्हटलं, तर कटकट करू नका. निमूट थांबा, चहा घ्या. तो त्याच्या चुकीला नाही, तुमच्या अक्षराला वेळ देतोय.