टाकीच्या तळाचा मासा आणि वॉरिंग्टन पितापुत्र

आजचा धागा एका छोट्या माशाच्या आजारपणाविषयी आहे. विषय वरकरणी किरकोळ वाटेल, पण त्याची मुळे एकोणिसाव्या शतकातील लंडनपर्यंत जातात.

पदवीच्या शेवटच्या वर्षी मी खोलीत काचेची एक टाकी मांडली आणि तिच्यात सहा कोरिडोरास सोडले. कोरिडोरास हा दक्षिण अमेरिकेतील लहानसा मांजरमासा. तळाशी राहणारा, मिशांनी वाळू चाळणारा, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या चकत्यांचे चिलखत बाळगणारा. आठवड्याभरात ते सारखे वर झेपावून हवा गिळू लागले. मला वाटले, खेळत आहेत. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली. ती ओतल्यावर चार दिवसांत सहाही मासे गेले. चूक कुठे झाली, हे मला पुढे रसायनशास्त्राचा इतिहास वाचताना उमगले.

रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनच्या अपोथेकरीज हॉलमधील रसायनज्ञ. त्यांनी काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशाने कर्बवायू द्यावा, अशी कल्पना. पण पाने कुजू लागली आणि पाणी गढुळले. तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगायी आत सोडल्या. त्या कुजकी पाने खात. भांडे स्थिरावले. १८५० मध्ये त्यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अक्वेरियम’ प्रसिद्ध झाले आणि घरोघरी काचेच्या टाक्यांचे वेड पसरले.

या ‘संतुलित’ टाकीत सफाई कामगाराची एक जागा निर्माण झाली, याकडे सहसा लक्ष जात नाही. आधी ती गोगलगायीची होती. पुढे तिथे मांजरमासा बसला. डार्विनने बीगलच्या सफरीत जमवलेल्या माशांतील एका कोरिडोरासचे वर्णन जेनिन्सने १८४२ मध्ये केले होते. १८७०च्या दशकात पॅरिसच्या कार्बोनियेने त्याच जातीची टाकीत पैदासही केली. आजही आपल्याकडे दुकानात ‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून सकर किंवा कोरी हाती ठेवला जातो. माझ्या मते माशांच्या छंदातील हा सर्वांत महागात पडलेला गैरसमज आहे. मासा घाण नाहीशी करत नाही. तो खातो आणि स्वतःची विष्ठा त्यात मिळवतो. घाण तळाशी साठते आणि तो तिच्यावरच झोपतो. मग मिशा झिजतात, पोटाकडची कातडी लाल होते.

वॉरिंग्टनच्या हिशेबात प्राणवायू होता, कर्बवायू होता, अमोनिया नव्हता. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो आणि तो साठला की कल्लेच भाजून निघतात. मग एवढा अमोनिया जातो कुठे? १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळू-चुनखडीच्या थरातून मुरवले. काही आठवड्यांनी अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ देताच क्रिया थांबली. म्हणजे हे काम सजीवांचे होते.

हा धागा इंग्लंडमध्ये पुढे नेणारा संशोधक कोण? त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. त्याच रसायनज्ञाचा मुलगा! रॉथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत त्याने दाखवले की ही क्रिया दोन टप्प्यांत होते : अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे जीव वेगळे. ते जीव वेगळे काढण्यात त्याला यश आले नाही. तो मान १८९०च्या सुमारास विनोग्राडस्कीला मिळाला. वडिलांच्या भांड्यात जे अदृश्यपणे चालले होते, ते मुलाने शेतातील मातीत शोधले. मत्स्यपालकांच्या व्यवहारात हे ज्ञान उतरायला मात्र पुढची अनेक दशके जावी लागली.

रोगजंतूंचा शोधही याच काळातला. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणणाऱ्या परजीवीचे वर्णन फुके याने १८७६ मध्ये केले. ठिपक्यातील जीव गळून तळाशी कोष करतो, त्यातून शेकडो पिल्ले निघतात आणि औषध लागू पडते ते या पोहत्या पिल्लांनाच. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार चालू ठेवावे लागतात. १८७६ मध्येच हाइनरिश कारोने मेथिलिन ब्लू हा रंग तयार केला. माझ्या बाटलीत तेच होते. ते परजीवींना मारते, पण अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंनाही सोडत नाही. श्लोझिंगने क्लोरोफॉर्म दिला. मी मेथिलिन ब्लू. माझ्या माशांच्या अंगावर एकही ठिपका नव्हता.

कोरिडोरास अधूनमधून वर येऊन हवा गिळतो. ती त्याच्या आतड्यात शोषली जाते, हे नैसर्गिकच. पण तो मिनिटामिनिटाला वर येऊ लागला, कल्ले भराभर हलू लागले, पंख मिटून तो कळपापासून दूर पडून राहिला, तर आधी पाणी तपासावे. अमोनिया किंवा नायट्राइट आढळले तर क्लोरीन काढलेले, त्याच तापमानाचे पाणी घेऊन चौथा-तिसरा हिस्सा बदलावा, हवेचा पंप वाढवावा, खाणे थांबवावे. ठिपके, बुरशी, जखम असे काही ओळखता आले तरच औषध द्यावे आणि शक्य असल्यास आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढून द्यावे.

दुसऱ्यांदा टाकी मांडली तेव्हा मासे आणण्याआधी रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकत राहिलो आणि तपासणीचे आकडे वहीत लिहिले. आधी अमोनिया चढला, मग उतरला. नायट्राइट चढले, मग तेही उतरले. पोरगा वॉरिंग्टन म्हणाला होता त्याच क्रमाने. सहाव्या आठवड्यात दोन्ही शून्य आले, त्यानंतर कोरी आणले.