हॅरल्ड गिंब्लेट : फ्रोमनंतरचीं वर्षें

इंग्लंडांतील काउंटी क्रिकेटचा इतिहास म्हणजे बहुतांशीं आंकड्यांचा इतिहास होय. परंतु त्या आंकड्यांच्या रानांत एखादा दिवस असा सांपडतो कीं, त्याची पुढें कहाणी होते. आणि एकदां कहाणी झाली म्हणजे ज्याच्या आयुष्यांत तो दिवस उगवला त्याची तिच्यापासून सुटका नसते. सॉमर्सेटचा आघाडीचा फलंदाज हॅरल्ड गिंब्लेट याचें असेंच झालें.

तो शेतकऱ्याचा मुलगा. क्वांटॉक टेकड्यांच्या पायथ्याशीं बिकनॉलर नांवाच्या खेड्यांत १९१४ सालीं जन्मलेला. सॉमर्सेट ही त्या काळीं गरीब व खेडवळ काउंटी होती; मोजके पगारी खेळाडू आणि बाकी सवड सांपडेल तेव्हां येणारे हौशी गृहस्थ, अशी तिची संघाची मांडणी. १९३५ च्या वसंतांत गिंब्लेटला थोड्या दिवसांच्या परीक्षेसाठीं बोलाविलें आणि तो उपयोगाचा नाहीं असें ठरविलें. घरीं परत जाण्याची वेळ आली, तोंच एक खेळाडू कमी पडला म्हणून त्याला फ्रोम येथें एसेक्सविरुद्ध खेळावयास सांगण्यांत आलें. बस चुकली आणि वाटेंत एका लॉरीवाल्यानें त्याला बसवून घेतलें, असें सांगतात. दिवस होता १८ मे १९३५.

सहा गडी १०७ धावांत बाद झाले असतां हा वीस वर्षांचा मुलगा खेळावयास आला. हातांतली बॅट संघांतील ज्येष्ठ खेळाडू आर्थर वेलर्ड याची, उसनी घेतलेली. त्रेसष्ट मिनिटांत त्यानें शतक पुरें केलें आणि १२३ वर तो बाद झाला. त्या मोसमांतील सर्वांत जलद शतक तेंच ठरलें व त्यासाठींचें लॉरेन्स पारितोषिक त्यालाच मिळालें. एका दिवसांत सारें इंग्लंड त्याचें नांव घेऊं लागलें. परंतु ही कहाणी सांगणारे बहुधा येथेंच थांबतात, आणि खरा इतिहास तर येथून पुढचा आहे.

आठव्या क्रमांकावर येऊन फटकेबाजी करणें ही एक गोष्ट आणि नव्या चेंडूसमोर डावाचा आरंभ करणें ही दुसरी. आघाडीच्या फलंदाजानें चेंडूची नवलाई जाईपर्यंत धीर धरावा, हा त्या काळचा शिष्टसंमत धर्म. गिंब्लेट आघाडीला गेला, पण हा धर्म त्यानें कधीं मनापासून पाळला नाहीं. पहिल्या षटकापासून तो पुढें येऊन ड्राइव्ह मारी, आणि आखूड टप्प्याचा चेंडू आला कीं हूक. हा हूक सोडून दे, असा उपदेश त्याला वारंवार झाला. ज्या फटक्यानें आपणांस एवढ्या धावा मिळतात तो काय म्हणून सोडावा, असें त्याचें म्हणणें. आमच्या मतें हिशेब त्याच्याच बाजूचा होता.

महाराष्ट्रीय वाचकांस या ठिकाणीं एक जवळचा दुवा सांपडेल. १९३६ सालीं विजयानगरमच्या महाराजकुमारांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडांत गेला. मोसमाच्या आरंभींच टाँटन येथें गिंब्लेटनें त्याच्याविरुद्ध शतक काढलें आणि जूनअखेर लॉर्ड्सवर तो पहिला कसोटी सामना खेळला. आपल्याकडून डावाचा आरंभ करणारे विजय मर्चंट आणि रत्नागिरीचे दत्ताराम हिंदळेकर. हिंदळेकर यष्टिरक्षकही होते. अमरसिंगांनीं ३५ धावांत ६ गडी टिपले आणि इंग्लंडचा पहिला डाव १३४ धावांत संपला. त्या डावांत गिंब्लेटच्या वांट्याला ११ धावा आल्या. दुसऱ्या डावांत इंग्लंडला १०७ धावा हव्या होत्या. त्यांतल्या ६७ त्यानें एकट्यानें नाबाद काढल्या. आपल्या दृष्टीनें दिवस वाईट, पण खेळ पाहण्याजोगा खराच.

एवढें होऊनही पुढच्या मँचेस्टरच्या सामन्यानंतर तो वगळला गेला. १९३९ सालीं वेस्ट इंडीजविरुद्ध लॉर्ड्सवर २२ व २० धावा, आणि कसोटी कारकीर्द संपली! तीनच सामने. निवड समितीनें एक हिरा वायां दवडला, असा आरोप सॉमर्सेटची मंडळी वर्षानुवर्षें करीत आलीं. तो अगदींच खोटा नव्हे. परंतु १९५० सालीं त्याला ट्रेंट ब्रिजच्या कसोटीसाठीं बोलावणें आलें, तेव्हां मानेवर गळूं उठलें आणि तो खेळूं शकला नाहीं. त्याचें दुःख होण्याऐवजीं त्याला हायसेंच वाटलें. मोठ्या सामन्याची आणि लोकांच्या अपेक्षांची त्याला धास्ती होती. पेव्हिलियनमधून वाघासारखा बाहेर पडणारा हा माणूस आंत बसला असतां चिंतेनें पोखरलेला असे, हें प्रेक्षकांच्या गांवींही नव्हतें.

युद्धांत त्यानें अग्निशामक दलांत काम केलें. परतल्यावर मात्र त्याचा खेळ अधिक पिकला. १९४८ सालीं ईस्टबोर्न येथें ससेक्सविरुद्ध त्यानें ३१० धावा केल्या. सॉमर्सेटकडून झालेलें तें पहिलें त्रिशतक. त्यापूर्वीचा पॅलेरेटचा २९२ धावांचा उच्चांक १८९६ पासून चालत आला होता, आणि गिंब्लेटचा उच्चांक मोडण्यास १९८५ सालीं व्हिव्ह रिचर्ड्सला यावें लागलें. १९४९ व १९५२ या दोन्ही मोसमांत त्याच्या दोन हजारांवर धावा झाल्या, आणि १९५३ च्या ‘विस्डेन’नें वर्षाच्या पांच खेळाडूंत त्याला स्थान दिलें.

त्याच वर्षाअखेरच्या हिवाळ्यांत तो मनोरुग्णालयांत होता. तेथें विजेचे झटके देऊन त्याच्यावर उपचार झाले. १९५४ च्या मोसमाच्या आरंभीं टाँटनला यॉर्कशायरविरुद्ध ० आणि ५ धावा करून तो निघाला तो पुन्हा काउंटीकडून खेळला नाहीं. हिशेबाच्या वहींत एकंदर २३,००७ धावा आणि ५० शतकें जमा होतीं. पुढें बरींच वर्षें तो मिलफील्ड शाळेंत नोकरीस होता. ३० मार्च १९७८ रोजीं त्यानें स्वतःच आपलें जीवन संपविलें.

मृत्यूपूर्वीं कांहीं काळ तो आपली हकीगत ध्वनिफितींवर सांगून ठेवीत असे. डेव्हिड फुट या पत्रकारानें त्या फितींच्या आधारें १९८२ सालीं त्याचें चरित्र लिहिलें. तोंपर्यंत सॉमर्सेटमध्यें गिंब्लेट म्हणजे फ्रोम एवढेंच लोकांस ठाऊक होतें. फितींतला आवाज कडवट आहे. आणि ज्या शतकानें त्याला नांव दिलें, त्याविषयींही त्यांत फारसा आनंद नाहीं.